सव्वादोन किलोंचा एक चेब

२ ऑगस्ट, शनिवार

नऊशे चाळीस ग्रॅम! साखरेची पिशवीसुद्धा हिच्याहून जड असते. नर्स आकडा सांगून निघून गेली आणि मी भिंतीला टेकून तशीच उभी. नात झाली म्हणून साखर वाटायची की तोंड लपवून बसायचं?

परवा सुनेचं, रम्याचं, बीपी एकदम चढलं. डोळ्यांपुढं अंधारी, हातापायांवर सूज. सातवा महिना नुकता लागलेला, पण डॉक्टर थांबायला तयार नव्हते. थांबलो तर दोघीही हातच्या जातील म्हणाले. पोट उघडून पोर काढली. आता सून एका मजल्यावर, पोर दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत, आणि माझा विश्वजीत मधल्या जिन्यात बसलेला. मला बघून म्हणाला, "आई, तू घरी जा." बस्स, एवढंच!

घरी आले. मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातलं आमचं शिवणाचं दुकान ह्यांनी उघडंच ठेवलेलं. वरमहालक्ष्मीचा सण तोंडावर, शिवायच्या ब्लाउजांचा ढीग. "काय झालं?" आकडा सांगितला. त्यांनी कात्री खाली ठेवली. थोड्या वेळानं परत उचलली.

५ ऑगस्ट, मंगळवार

एकादशी. भजनाला जाऊन आले. चार दिवसांनी आज पहिल्यांदा जरा हलकं वाटतंय.

आमच्या विठ्ठल मंदिरातल्या मंडळीत नवस मनातल्या मनात बोलत नाहीत. आरती झाली की उठून उभं राहायचं, काय देणार ते मापासकट सांगायचं. मंडळी चालवणारे अंबाजीराव ते माईकवर पुन्हा बोलतात आणि बसलेले सगळे "विठ्ठल, विठ्ठल" म्हणतात. म्हणजे झाली साक्ष. आज मी उभी राहिले. "नात घरी आली की तिची गूळतुला करीन. आज नऊशे चाळीस ग्रॅम आहे. देव वाढवील तेवढा गूळ." अंबाजीरावांनी माईकवर सांगितलं, "वेंकटरमण शिंप्यांच्या नातीची गूळतुला! आजचं वजन नऊशे चाळीस ग्रॅम!" सगळं देऊळ "विठ्ठल" म्हणालं. मला रडू फुटलं.

शेजारी बसलेल्या सोयराबाईंनी जवळ घेतलं. "येवढूसं? अय्यो पाप, बिचारी!" म्हणाल्या. मायाळू बाई आहेत.

६ ऑगस्ट, बुधवार

मायाळू कसल्या! जळो ती माया!

सोयराबाईंनी थेट रम्यालाच फोन केला. आयसीयूतून खोलीत आणून दोन तास झाले नव्हते तिला. म्हणे, "धीर धर हां पोरी. माझ्या जावेच्या भाचीचं असंच होतं, नऊशेचं. नऊ दिवस जगलं. पण पुढच्या खेपेला चांगलं धडधाकट झालं." ह्याला धीर देणं म्हणतात! त्यांच्यामागून आणखी दोघीतिघींचे फोन. रम्याचं बीपी परत चढलं. डॉक्टर धावत आले.

विश्वजीत जिन्यात मला गाठून म्हणाला, "आई, पेपरात जाहिरात तेवढी द्यायची राहिली बघ."

नवस मी बोलले तो माझ्या नातीसाठी. माप चोरून ठेवायची आम्हाला सवयच नाही. दुकानात हे टेप लावतात, आकडा मोठ्यानं बोलतात, मी लिहून घेते. छाती छत्तीस, कंबर तीस, दंड साडेअकरा. हळू बोललं तर लिहिणारा चुकतो आणि कापड वाया जातं. लग्नाआधी रम्या ब्लाउजच्या मापाला आली होती तेव्हाही ह्यांनी असेच आकडे पुकारले. ती लाल झाली, म्हणाली, "अंकल, स्वल्प हळू." तेव्हा हसलो होतो सगळे.

७ ऑगस्ट, गुरुवार

हॉस्पिटलात नर्सला विचारलं, आज वजन किती? ती वहीकडे बघत म्हणाली, "तंदे-तायिगे मात्र हेळ्तीवि, अम्मा." आईबापालाच सांगतो म्हणे! म्हणजे मुलानं जाऊन तशी ताकीद दिली. आजीला सांगायचं नाही.

आजीला! जिनं ह्याला मांडीवर बसवून सव्वा, दीड, अडीच शिकवलं, तिला!

१० ऑगस्ट, रविवार

रम्या काल घरी आली. त्यांच्या जयलक्ष्मीपुरमच्या फ्लॅटवर मी मुक्कामाला. तिची आई नाही, तेव्हा बाळंतपण माझ्याच गळ्यात, आणि ते मला हवंही होतं. टाके पिकलेत, अंगात ताप. ताप असेतो तिला पोरीजवळ सोडणार नाहीत. म्हणून ती इथं मशीननं दूध काढते, मी बर्फाच्या पिशवीत बाटल्या घालून रिक्षानं हॉस्पिटलात पोचवते, आणि विश्वजीत सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांना भेटून येतो. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं. माझं काम हमालीचं.

काल संध्याकाळी तो आला. रम्यानं मान वर केली. मी तिथंच, तिच्या उशाशी. तो माझ्याकडे बघून थांबला आणि मग त्यांच्या त्या भाषेत काहीतरी बोलला. क्लिंगॉन! टीव्हीवरच्या परग्रहावरल्या लढवय्यांसाठी कुणी एका माणसानं बसून तयार केलेली भाषा. घशात मासळीचा काटा अडकल्यासारखी. ही दोघं त्याच भाषेच्या ऑनलाइन मंडळात भेटली आणि लग्न करून मोकळी झाली. तेव्हा मी कौतुक केलं होतं. म्हटलं, पोरांना काहीतरी नाद असावा.

तो बोलला, तिनं डोळे मिटून घेतले, हसली. तिला पोरीचं वजन कळलं. मला नाही. माझ्याच तोंडासमोर!

कन्नड बोलले असते तर मला कळलं असतं. इंग्रजीही कळलं असतं. म्हणून हे. तेहतीस वर्षं वाढवलेल्या पोरानं आईपासून लपवायला पृथ्वीबाहेरची भाषा शोधून काढली.

११ ऑगस्ट, सोमवार

आजही तेच. "चेब" असा एक शब्द दोनदा आला. उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी जरा जोरातच आपटली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पेपरात दसऱ्याच्या हत्तींचे फोटो. वजनकाट्यावर उभे केलेले. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं वजन, किलोपर्यंत! गेल्या वर्षीपेक्षा कोण किती भरला तेसुद्धा. सगळ्या मैसूरला हत्तींचं वजन ठाऊक आहे. मला माझ्या नातीचं नाही.

ह्यांना फोन करून सांगितलं. "सुम्ने बस गं, गप," म्हणाले, "वजन कळून तू काय करणार आहेस?" ह्यांचं आयुष्य मापं घेण्यात गेलं आणि हे असं विचारतात!

१३ ऑगस्ट, बुधवार

चेब म्हणजे काय ते कळलं!

पोरांच्या ओट्यावर एक वजनकाटा आहे, वर परात आणि खाली गोल तबकडी. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला रम्यानं नवऱ्याला दिलेला. तबकडीवरचे किलो काढून तिनं त्या भाषेतल्या खुणा छापून चिकटवल्यात. वाकडी, टोकदार अक्षरं. पहिल्यांदा इथं पोळ्या करायला आले तेव्हा कणीक मोजायला गेले आणि चिडून काटा कोपऱ्यात ढकलला होता. फोनवर चेब शोधला तर ते वजनाचं माप निघालं, म्हणून आज तोच काटा पुढं ओढला. रम्या झोपलेली. एक किलो साखरेची पिशवी ठेवली. काटा मधल्या खुणेच्या जरा अलीकडे. तिच्यावर तांदळाची एक किलोची ठेवली. काटा वरच्या ठळक खुणेच्या अगदी जवळ. वर चहाची पाव किलोची पुडी, आणि बरोबर त्या खुणेवर! सव्वादोन किलो म्हणजे एक चेब. बाकीच्या बारीक रेघा मोजल्या तर शंभर. म्हणजे शेकडा हिशेब. ह्यात कळायला कठीण ते काय? सव्वादोन शंभरानं भागलं की साडेबावीस ग्रॅमची एक रेघ. पोर जन्मली ती साधारण बेचाळीस रेघांची.

आता आकडे तेवढे शिकायचे. फोनवर शोधलं तर एक जाड्या मिशांचा गोरा माणूस शिकवतो. वा, चा, वेज, लोश. पाच म्हणजे वाघ! ऐकून एकटीच हसले. कितीतरी दिवसांनी. सहा जाव, सात सोच, आठ चोर्घ, नऊ हुत. पुढं "माह" लावलं की दहापट. लोशमाह म्हणजे चाळीस. पोळ्या लाटता लाटता पाठ केलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली मी नाही खरी. पण आता लपवते. त्यांनीच शिकवलं.

संध्याकाळी विश्वजीत आला. मी दाराआड मेथी निवडत बसलेली. कान तिकडं. "लोशमाह वेज." त्रेचाळीस! म्हणजे नऊशे साठच्या पुढं! जन्माच्या वर गेली माझी चिमणी!

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि घुम्यासारखी बसले. कुणाला सांगितलं नाही. बघा म्हणावं, मलाही गप्प बसता येतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आजचा आकडा ऐकला. चव्वेचाळीसच्या जवळ. रम्याला दोन पोळ्या जास्त गेल्या. ताप उतरतोय. मला वाटलं, असू दे. बोलू देत माझ्यासमोर त्यांच्या भाषेत. मला पोचतंय ना, झालं.

हेही खरं की दोघांच्या गालावरून हात फिरवून "कळलं रे मला" असं म्हणावंसं वाटत होतं. नाही म्हटलं.

१६ ऑगस्ट, शनिवार



आज बाटल्या घेऊन गेले तर नेहमीची नर्स नव्हती. नवी मुलगी, यशस्विनी नावाची. तिला ताकीद ठाऊक नसावी. तिनं बाटल्या घ्यायला फ्रीज उघडला. आत माझ्याच बाटल्या! रम्याच्या नावाच्या चिठ्ठ्या, माझ्या हातानं लावलेली झाकणं. खालपासून वरपर्यंत, एकीलाही हात लावलेला नाही. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "हालु निल्लिसिदीवि अल्वा अम्मा. होट्टे उब्बिदे, इन्फेक्षन. सोमवारदिंदा." दूध बंद केलंय. पोट फुगलंय. सोमवारपासून! मी म्हटलं, मुलगा काही बोलला नाही. ती म्हणाली, "अवरिगे गोत्तु." त्यांना माहीत आहे म्हणे.

मग काचेतून बघितलं. वजन करायची वेळ होती. नळ्यांसकट उचलून तिला काट्यावर ठेवलं. लाल आकडे उमटले. आठशे पंचावन्न. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. आठशे पंचावन्न.

हात-पाय किती बारीक! आमच्या दुकानातल्या खडूच्या कांडीएवढी बोटं.

संध्याकाळी तो आला. शर्टाला इस्त्री, केस विंचरलेले. रम्या उठून बसली. "लोशमाह लोश," म्हणाला. चव्वेचाळीस. हसून! तीही हसली आणि मशीन जवळ ओढून दूध काढायला बसली.

खरे अडतीस. वेजमाह चोर्घ. मला तोंडपाठ आहे आता.

१७ ऑगस्ट, रविवार

खाली पार्किंगमध्ये गाठलं त्याला. हेल्मेट घालत होता. मी म्हटलं, "लोशमाह लोश?"

तो वळला. तोंड उघडं ते उघडंच.

"वेजमाह चोर्घ," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय काल. आणि फ्रीजही बघितला."

आणि ह्या पोरानं काय करावं? "आई, उच्चार चुकलाय," म्हणाला. आणि तिथंच स्कूटरच्या सीटवर डोकं ठेवून रडायला लागला. एवढा थोराड माणूस! मला त्याला दोन लगावून द्याव्याशा वाटत होत्या. हात पाठीवर गेला.

जरा शांत झाल्यावर मी सुनावलं. "आईपासून लपवलंस, समजू शकते. माझं तोंड सुटलं होतं. पण बायकोशी खोटं? पोर तिची आहे. आठवडाभर ती बाई टाके पिकलेले असताना दर तीन तासांनी उठून दूध काढते आणि मी ते फ्रीजमध्ये नेऊन पुरते!"

"डॉक्टर म्हणाले बीपी परत चढलं तर झटके येतील तिला," तो म्हणाला. "आणि दूध काढायचं थांबलं तर आटेल. मग पोरीला सुरू करतील तेव्हा काय देणार? आणखी थोडेच दिवस, आई. पोट उतरलं की दूध सुरू, वजन चढेल. खरा आकडा माझ्या आकड्याला गाठेल. मग काही सांगायलाच नको."

"आणि नाही गाठला तर?"

तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला.

मग मी विचारलं, जे मला खरं म्हणजे विचारायचं होतं. "आणि हे सगळं त्या घशातल्या भाषेत कशाला? माझ्यामुळंच ना?"

"आधी तुझ्यामुळं," म्हणाला. "आता — मराठीत खोटं बोलायला गेलो तर तोंड उघडत नाही गं. कन्नडमध्ये पण नाही. हिच्यात जमतं. हिच्यात आकडे म्हणजे नुसते आकडे वाटतात."

मग डोळे पुसून म्हणाला, "सांगू नको तिला. प्लीज आई. निन्न काल हिडकोतीनि." पाय धरतो म्हणे. धरायला वाकलाही. मी मागं सरले.

सांगणार नाही म्हणाले. म्हणजे आता मीही त्यातली. आधी सांगितलं म्हणून गुन्हेगार, आता सांगितलं नाही म्हणून.

१८ ऑगस्ट, सोमवार

बाटल्या नेल्या. फ्रीजमध्ये जागा नाही. दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज त्यानं पंचेचाळीस सांगितलं. लोशमाह वाघ. सांगून टाकल्यावर त्याच्याच लक्षात आलं की हा किलोच्या वरचा आकडा! रम्यानं टाळ्या वाजवल्या. टाके दुखत असताना. "अत्ते!" मला ओरडून हाक मारली. "अत्ते, पायसा करा ना आज! सुम्ने, असंच, खावंसं वाटलं."

सुम्ने! मला कळू नये म्हणून "सुम्ने". कारण सांगता येत नाही बिचारीला. मी पोरीच्या किलोची खीर करणार, आणि मला ठाऊक नाही असं तिला वाटणार, आणि किलो झालेलाच नाही हे मला ठाऊक आणि तिला नाही. देवा, काय हा खेळ मांडलास!

शेवया भाजल्या. काजू, बेदाणे, वेलदोडा, काही कमी केलं नाही. दूध उतू गेलं, शेगडी पुसली. विश्वजीत वाटी घेऊन बसला. एकेक घास औषधासारखा गिळत होता. मी त्याच्याकडं बघतेय हे त्याला कळत होतं. घे म्हणावं अजून! परत एक पळी वाढली मी त्याला. खा.

आठशे चाळीस आहे आज. खालीच चाललंय. मला तोच सांगतो आता, जिन्यात, मराठीत.

माझ्या मनात आलं ते लिहूनच टाकते, इथं कोण वाचणार आहे. पोर गेली तर? तर रम्याला एका दिवसात दोन गोष्टी कळतील. पोर गेली हे, आणि ती कधी किलोची झालीच नव्हती हे. दुसरी गोष्ट ती आम्हाला कधी माफ करणार नाही. मीही केली नसती.

२० ऑगस्ट, बुधवार

ह्यांनी दुकानातून जुनं मऊ धोतर धुऊन, फाडून, दुपट्याचे तुकडे करून पाठवले. बाळाचं पहिलं काही नव्या कापडाचं शिवायचं नसतं. बरोबर निरोप: "माप कळव, झबलं बेततो." कुठलं माप कळवू? खरं की सुनेला ठाऊक आहे ते?

"बेतू नका," कळवलं. त्यावर फोन नाही आला त्यांचा. समजले असावेत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सोयराबाई देवळाजवळ भेटल्या. "गूळतुला कधी हो? काय वजन आलं आता?" मी म्हटलं, "तंदे-तायिगे मात्र हेळ्तारे." आईबापालाच सांगतात. आणि पुढं चालू लागले. तेवढंच आजच्या दिवसातलं सुख.

संध्याकाळी त्याचा आकडा सेहेचाळीस. खरा त्यानं आज मला सांगितला नाही. डॉक्टर राऊंडवर होते म्हणाला. मी विचारलंही नाही. धीरच झाला नाही. रम्या हसली, मशीन ओढलं, पडदा लावून घेतला. पडद्यामागं ते मशीन घरघरत राहतं आणि मी इकडं भाजी चिरते. ह्या घरात आता कुणीच कुणाशी खरं बोलत नाही, आणि सगळ्यात कमी मी.

उद्या सांगायचं ठरवलंय. शब्द मोडला तर मोडला. त्याला काय वाटायचं ते वाटो. आई आहे ती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सांगावं लागलंच नाही.

विश्वजीत हॉस्पिटलात गेलेला. मी हात पुसून तिच्या खोलीकडं निघाले, तर तीच भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली. "चेब आर?" म्हणाली. चेब किती! मला! मी पुसलेले हात परत पदराला पुसू लागले. "मला ठाऊक आहे, अत्ते, तुम्हाला येतं. पोळ्या लाटताना आकडे म्हणता तुम्ही."

मी तोंड उघडलं तर तिनं माझा हात धरला. "मी रोज सकाळी हॉस्पिटलला फोन करते, अत्ते. पहिल्या दिवसापासून. दूध बंद केलं तेपण ठाऊक होतं. मी दूध काढायचं थांबले असते तर त्याला कळलं असतं ना, मला कळलंय म्हणून. तो मोडला असता. त्याला वाटतंय, तोच मला सांभाळतोय."

खाली बसले मी. ओट्याला टेकून.

"काल रात्री थेंब थेंब दूध चालू केलं. पोट उतरलंय. आज अठरा ग्रॅम वाढली, अत्ते! निजवागलू! खरोखर वाढली!" आणि माझ्या पदरात तोंड घालून रडली, हसली, पुन्हा रडली. "आता येईल तो. त्याला आज खरा आनंद झालेला असणार आणि सांगणार खोटाच आकडा. आणि मी? मी रोज त्याच्यासाठी हसते. आज खरं हसले तर वेगळं दिसेल. त्याला कळेल."

बेल वाजली. तिनं माझ्या पदरानं तोंड पुसलं, जाऊन पलंगावर बसली, आणि काल हसली होती तेवढीच हसली.